फणसाचा झोपाळा आणि पडवीतली हत्यारं: कामाच्या नोंदी

काम काय: पडवीत टांगायचा झोपाळा. फणसाची फळी, साडेपाच फूट लांब, 22 इंच रुंद, दीड इंच जाड. खाली जुन्या सागाची चौकट. जागा: दापोली तालुका, किनाऱ्यापासून इतकी जवळ की खिडकीच्या गजांना दरवर्षी रंग लावावा लागतो. मी सुतार नाही, नोकरी सांभाळून रविवारी हे उद्योग करतो. झोपाळा कसा दिसतो ते कोकणात कुणाला सांगायला नको, म्हणून नोंदी हत्यारांच्या ठेवल्या आहेत: कुठलं कामाला आलं, कुठल्याने पैसे बुडवले. कंपन्यांची नावं टाकलेली नाहीत. एकाच नावाचा माल दोन दुकानांत दोन तऱ्हेचा निघतो, त्यामुळे नावाचा उपयोगही नाही.

2 फेब्रुवारी 2025

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड झोडपलं तेव्हा परसातला फणस मुळासकट आडवा झाला. पंचनामा झाल्यावर ओंडके गिरणीत नेऊन दोन इंचाच्या फळ्या पाडून घेतल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून रचल्या. जाडीच्या इंचाला एक वर्ष सावलीत सुकवायचं, हा जुना हिशेब. त्या मानाने फळ्या कधीच तयार होत्या, मीच तयार नव्हतो.

आज खाली उतरवल्या. बाहेरची पांढरी कड भुंग्याने पोखरली आहे, टिचकी मारली की पिठासारखी पूड गळते. पिवळ्या गाभ्याला एक टोचा नाही. फणसाचं असंच असतं. पांढरं सगळं कापून टाकायचं ठरवलं. त्यामुळे तीन फळ्यांत होणारी रुंदी चार फळ्यांवर गेली.

पहिलं हत्यार: ओलावा मोजायचं यंत्र, 1,400 रुपये. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. वरून टोचल्यावर 11 टक्के दाखवलं. फळीचं टोक वीतभर कापून ताज्या कापावर मधोमध टोचलं, तर 15. सुया जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, त्यामुळे वरवर टोचून कळतं ते फक्त कातडीचं. यंत्र चांगलं आहे, पण टोक कापायची तयारी नसेल तर घेऊ नका.

15 हा आकडा इथे चालेल. हवेत 65 टक्के आर्द्रता असली की लाकूड 12 टक्क्यांच्या आसपास थांबतं, आषाढात हवा नव्वदीला गेली की तेच 20 कडे सरकतं. तेव्हा आमच्याकडे कितीही सुकवलेलं लाकूड जुलैत फुगणारच. फळीला हलायला जागा ठेवायची, हे आजच कागदावर लिहून भिंतीला लावलं.

9 फेब्रुवारी

कापणी. घरात लाद्या बसवल्या तेव्हापासून चार इंची मार्बल कटर पडून आहे. इकडचे बरेच सुतार त्याला लाकडाचं दातेरी पातं लावून प्लाय कापतात, म्हणून तोच काढला. कापायच्या होत्या दोन इंचाच्या फळ्या. कटर जातो सव्वा इंचाच्या आसपास आत. म्हणजे एका बाजूने कापा, फळी उलटी करा, दुसऱ्या बाजूने कापा, आणि मधे जी पायरी उरते ती रंध्याने खा. शिवाय हे यंत्र दगडासाठी केलेलं. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, खालून पात्याला झाकण नाही. फळीचा काप मिटून पातं जरा आवळलं गेलं की सगळं यंत्र हातात मागे उसळतं. उसळलंही. बोटं शाबूत आहेत, पण लाकडासाठी हा कटर पुन्हा हातात घेणार नाही. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, सगळे वापरतात. तरीही नको.

सात इंची सर्क्युलर सॉ विकत आणली, 5,800 रुपये. यादीतली सगळ्यात मोठी रक्कम, आणि वसूल झालेली. सोबत आलेलं पातं बारीक दातांचं होतं, ते लांबीच्या कापात लाकूड जाळत होतं. कापाच्या दोन्ही कडा काळ्या. 24 दातांचं पातं 450 रुपयांना घेतलं आणि जळणं थांबलं. लांबीत कापायला कमी दात, आडवं कापायला जास्त. पात्यावर चिकट काळा थर चढला की पातं बोथट झालं असं वाटतं, तसं नसतं. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं, पातं परत चालू. नंतर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर इथल्या हवेत संध्याकाळपर्यंत तांबूस होतं.

विजेचं: संध्याकाळी सात नंतर दाब उतरतो, यंत्र रडत्या आवाजात फिरतं आणि गरम होतं. आवाज बदलला की काम बंद, हा नियम. लांब एक्स्टेन्शनची वायर बारीक होती, तीही जाड, 2.5 चौरस मिमीची केली.

साग जुन्या दाराच्या चौकटीचा आहे. जुन्या लाकडात मोडके खिळे असतात, वरून दिसत नाहीत. 60 रुपयांचं छोटं जोरकस लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवलं. जिथे दोरा तिरका होईल तिथे खडूची फुली. सगळ्या कामात रुपयाला सर्वांत जास्त परतफेड या चुंबकाने केली.

23 फेब्रुवारी

रंधा. ही नोंद लांबणार.

फणसाचा रेषा, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, सरळ नसतो. दोन बोटं रुंदीची एक पट्टी या अंगाने वळलेली, शेजारची उलट अंगाने. उन्हात तिरकं धरलं की हेच दिसायला रेशमासारखं, आणि रंधा चालवला की हेच वैऱ्यासारखं. एका दिशेने मारलं तर एक पट्टी गुळगुळीत होते आणि शेजारचीचे टवके उडतात.

आधी इलेक्ट्रिक रंधा चालवून पाहिला, मित्राकडून उसना आणलेला. जाडी उतरवायला झकास. दोन इंचावरून पावणेदोनवर फळ्या दुपारपर्यंत आल्या. पण पातं 82 मिमी रुंद आणि फळी सहा इंच, त्यामुळे प्रत्येक फेरीच्या कडेला बारीक वरंबा राहतो, आणि उलट रेषाच्या जागी खड्डे. शेवटचा पाव इंच हातानेच उतरवायला हवा, हे पहिल्या फळीवरच कळलं. एवढं सांभाळलं तर उसना आणायच्या लायकीचं यंत्र आहे, विकत घ्यायच्या नाही.

मग लोखंडी रंधा. ऑनलाइन मागवलेला, 1,150 रुपये, निळा रंग, फोटोत देखणा. घरी आल्यावर तळाला पोलादी पट्टी उभी लावून उजेडाकडे धरला, तर तोंडाच्या मागे चांदण्यासारखी फट. जाड काचेवर 80 नंबरचा एमरी पेपर चिकटवून तळ घासत बसलो. दोन रविवार त्यात गेले. तळ सपाट झाला तरी पातं मऊच. फणसावर हातभर चाललं की धार गेली. वरून पात्यावरची दुसरी पट्टी पात्याला नीट टेकत नाही. मधल्या फटीत रंध्याने सोललेली साल घुसते आणि तोंड तुंबतं. तोंड मोकळं करायचं, चार हात मारायचे, पुन्हा मोकळं करायचं.

वाडीतले म्हातारे सुतार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते दूध न्यायला आले होते. थोडा वेळ बघत राहिले.

"रंधा मारतोयस की लाकूड ओरबाडतोयस?"

"नाना, पातं नवीन आहे. बघा ना तुम्ही."

त्यांनी पातं काढलं, नखावर धार टेकवून पाहिली, आणि ठेवून दिलं. "ह्याला पाणीच नाय दिलेलं. आजोबांचा लाकडी खय गेला तुझ्या?" पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणं.

आजोबांचा रंधा माळ्यावर होता. शिसवीचा ठोकळा, लोखंडी पातं लाकडी पाचरीने आवळलेलं. नानांनी पातं आणि वरची पट्टी हातात धरून मला दाखवलं: पट्टीची कड पात्याच्या धारेच्या इतकी जवळ आणली की मधे केस ठेवला तर दिसेल, दोरा ठेवला तर मावणार नाही. पात्याने उचललेली साल लगेच या पट्टीवर आपटून मोडते, म्हणून पुढचं लाकूड टवका होऊन उचकटत नाही. एवढीच युक्ती. मी आजवर ती पट्टी एक सूत (इंचाचा आठवा भाग) मागे ठेवत आलो होतो, कारण तसं ठेवलं की रंधा हलका चालतो. सरळ रेषाच्या सागाला ते चालून गेलं, फणसाला नाही.

धार काढून (पुढची नोंद पाहा) लाकडी रंधा चालवला. आवाजच वेगळा, कुरकुर नाही, फाटणं नाही, नुसता सूं. तळाला मेणबत्ती चोळली की आणखी हलका. खर्च शून्य.

लाकडी रंध्याची एक अडचणही लिहून ठेवतो: पातं पुढे-मागे करायला स्क्रू नाही. पुढे आणायचं तर पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, मागे न्यायचं तर रंध्याच्या मागच्या बाजूवर. हात बसेपर्यंत चिडचिड होते. घाईच्या माणसाने वाट्याला जाऊ नये.

2 मार्च

धार. यावर लोक पैसे उधळतात, मीही उधळले.

सहा इंची बेंच ग्राइंडर: पात्याची कड चेपली होती म्हणून त्यावर धरलं. चाक मिनिटाला 2,800 च्या वर फेरे घेतं. जरा जास्त वेळ टेकलं आणि धारेवर निळा पट्टा उमटला. निळा दिसला की त्या भागाचं पाणी उतरलं, तेवढं पोलाद गेलं समजा. तो भाग पुढे हातानेच घासून टाकावा लागला. कोयत्याला ग्राइंडर चालतो. रंध्याच्या पात्याला वापरायचाच तर शेजारी पाण्याचा डबा हवा, आणि पातं बोटांना कोमट लागलं की लगेच पाण्यात.

पात्याचा कोन धरून ठेवणारी चाकाची पकड, 350 रुपये. कल्पना उत्तम, ओतीव काम भिकार. एका बाजूचा स्क्रू आवळला की पातं किंचित तिरकं होतं, आणि धार तिरकी लागते. कानशीने आतली खाच सरळ केल्यावर बरी चालते. नवशिक्याने घ्यावी, पण आधी गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) लावून तपासावी. गुण्याही तपासावा: फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या नाहीत तर गुण्या खोटा. माझा 280 रुपयांचा सरकता गुण्या खोटा निघाला, लाकडी मुठीचा जुना खरा.

स्वस्त डायमंड प्लेट: पहिल्या महिन्यात राक्षसासारखी खाते, मग तिच्यावरचे कण झडतात आणि नुसता पत्रा राहतो. निराशा.

शेवटी काम केलं ते तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातल्या 220 रुपयांच्या दुहेरी कारबोरंडमच्या निसण्याने, म्हणजे धारेच्या दगडाने. जाड बाजू, बारीक बाजू, पाण्याऐवजी रॉकेल. ते आता सहज मिळत नाही, तर शिलाई मशीनचं तेल. पात्याचा उतार 25 अंशांचा, अगदी धारेला 30 चा. उताराच्या मागच्या सपाट बाजूवर नखाला बारीक काटा लागला की धार आली, मग सपाट बाजू निसण्यावर पूर्ण टेकवून काटा काढायचा. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशवडी चोळून दहा-बारा ओढी. हातावरचे केस उडायला लागले की थांबायचं. हातावर टक्कल पडल्यावर घरातून टोमणे येतात, तयारी ठेवा.

निसणा मधोमध खोल होतो. तोही अधूनमधून काचेवरच्या एमरी पेपरवर घासून सपाट करावा लागतो. हे कुणी सांगत नाही.

16 मार्च

शिमग्यात आठवडाभर काम बंद. पालखी दारात असताना कोण करवत धरतो.

आता चौकटीची भोकं: सागात चार कोपऱ्यांत खाच पाडून कुसू (खाचेत घुसणारी लाकडाची टोकं) बसवायचे. पटाशीची, म्हणजे लाकडाच्या छिन्नीची, खरी परीक्षा इथे. सागात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. गिरणीवाला सागाला जादा दर का लावतो ते हातात पटाशी घेतल्यावर पटतं.

चार पटाश्यांचा संच, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठी, 640 रुपये. पहिल्या खाचेत अर्ध्या इंचाच्या पटाशीची धार दुमडली; चुरगळलेल्या वर्खासारखी एका बाजूला वळली. निसण्यावर पूर्ववत केली, पुढच्या खाचेत पुन्हा तेच. पाऊण इंचाची थोडी बरी. संच सिमेंट खरवडायला ठेवला आहे.

लोहाराकडून पटाशी करून घेतली. त्याने ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, आमच्या कोयत्याही त्याच पोलादाच्या असतात. तापवून ठोकली, आकार आल्यावर पुन्हा लाल करून तेलात बुडवली, मग मंद आचेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत धरून थंड केली. 400 रुपये घेतले. मूठ मी बाभळीची बसवली, डोक्याला जुन्या पितळी नळीचा तुकडा चढवला, म्हणजे ठोकून चिरत नाही. दिसायला ओबडधोबड, मागची बाजू सपाट करायला निसण्यावर संध्याकाळ गेली. पण चारी खाचा एकाच धारेवर झाल्या. या सगळ्या कामातलं माझं सर्वांत लाडकं हत्यार हेच.

ठोकायला लोखंडी हातोडी नको, मूठ फुटते. चिंचेच्या लाकडाची मोगरी केली. चिंचेचा रेषा एवढा गुंतलेला की ठोकून ठोकून डोकं चेपतं पण फाटत नाही. खाटीक ओंडा चिंचेचाच का ठेवतात, ते कळलं.

6 एप्रिल

चार फळ्यांची जोड. फळ्यांच्या कडा लाकडी रंध्याने अशा केल्या की एकावर एक उभ्या ठेवल्या तर मधून उजेड दिसत नाही. डॉवेल (फळ्यांच्या कडांत बसवायच्या लाकडी खुंट्या) घालायचा विचार होता, त्यासाठी भोकं नेमकी पाडायचा साचा, 900 रुपयांचा जिग आणला. त्यातली पोलादी नळी आपल्याच भोकात हलते, मग दोन फळ्यांची भोकं समोरासमोर येतील कशी? डॉवेल रद्द. कड नीट लागली असेल तर गोंद पुरतो.

शिकंजे: एफ आकाराचे स्वस्तातले सहा घेतले, प्रत्येकी 260 रुपये. आवळायला लागलो की दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि वरचा जबडा सरकतो. बारीकसारीक कामाला ठीक, 22 इंचाच्या जोडीला अजिबात नाही. पाऊण इंची जीआय पाइपवर बसणारे जबडे आणले, जोडी 550 रुपयांना, पाइप घरचाच. वाकले नाहीत. पाइप हवा तेवढा लांब घेता येतो, ही खरी सोय. दोन वर, दोन खाली, आलटून पालटून लावायचे. सगळे एकाच बाजूला लावले तर फळी पन्हाळीसारखी वाकते. पाइप फळीला टेकतो तिथे खाली कागद. लोखंड, ओला गोंद आणि फणस एकत्र आले की काळा डाग पडतो, तो रंध्यालाही दाद देत नाही.

गोंद पाण्याला टिकणारा, मरीन लिहिलेला. दुपारी तो लावायला घेऊ नये; एप्रिलच्या उन्हात चौथ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड सुकायला लागते. सकाळी सातला सुरुवात केली.

20 एप्रिल

फळी चौकटीला खालून स्क्रूने धरायची. चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट केली, म्हणजे फळी फुगली की स्क्रू सरकेल. फक्त मधला स्क्रू पक्का. सगळं वजन चौकटीवर, फळी नुसती बसलेली.

बॅटरीचं ड्रिल, डब्यावर "48 व्होल्ट" छापलेलं, 1,900 रुपये. बॅटरी उघडून पाहिली तर आत पाच सेल, म्हणजे 18 व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर 21. छापणाऱ्याचा हात सैल. फणसात चालतं. सागात जाड भोक पाडताना दम लागतो आणि बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. तिच्या मापाची दुसरी बॅटरी बाजारात मिळत नाही. घेऊ नका. कड्यांच्या बोल्टची भोकं शेवटी वायरच्या जुन्या ड्रिलने पाडली. वीज गेली तेव्हा आजोबांचं हाताने फिरवायचं गिरमिट बाहेर काढलं. हळू जातं, पण भोक सरळ आणि स्वच्छ.

स्क्रू पितळी. समुद्राकाठी साधे लोखंडी स्क्रू तीन-चार पावसाळ्यांत फुगून लाकूड चिरतात. पितळ मऊ असतं, सागात जोर केला की मानेपाशी तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रू साबणावर घासून हातानेच आवळायचा. ड्रिलने नाही.

11 मे

घासणं. पाच इंची ऑर्बिटल सँडर, 3,600 रुपये: पसंत. 80, 120, 180 असे पेपर. फणसाची पिवळी पूड नाकात-डोळ्यांत जाते, मास्क हवाच.

पण उलट रेषाच्या जागी सँडरपेक्षा स्क्रेपर सरस. मोडक्या करवतीच्या पत्र्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कापला, कड कानशीने सरळ केली, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने दाबून कडेला किंचित वळण दिलं. पत्रा अंगठ्यांनी जरा वाकवून ढकलला की कागदासारखी साल निघते. नाना हेच काम फुटक्या काचेने करतात आणि माझ्या पत्र्याकडे पाहून हसतात. काच एकदाच धारदार असते हे खरं, पण काच फुकट आहे हेही खरं.

आज जवसाच्या तेलाचा पहिला हात. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवल्या. चौकटीच्या खालच्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल लावलं, होड्यांना लावतात ते. वाळवी फिरकत नाही. हातमोजे घालूनच लावा, कातडी सोलवटते.

27 मे

यंदा पावसाने कुणालाच वेळ दिला नाही. 25-26 मेलाच कोकणात पाऊस हजर, एरवी जूनचा पहिला आठवडा तरी मिळतो. तेलाचा तिसरा हात राहिला तो राहिलाच. दुसरा हात चिकट आहे, बोट ठेवलं की ठसा उठतो. फळी आत माजघरात नेली.

हत्यारांची पाहणी: लोखंडी रंध्याच्या तळाला नारिंगी ठिपके. डिजिटल कॅलिपरची बॅटरीची जागा हिरवी पडली, आकडे नाचतात. सर्क्युलर सॉला काही नाही. लोहाराची पटाशी खोबरेल तेलाच्या फडक्यात होती, स्वच्छ. निसण्यांना गंजायला काही नाही, ते सुखी.

व्यवस्था: रबराची कड असलेला झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत प्रत्येक पात्याला मशीनचं तेल, कापराच्या वड्या पुरचुंडीत, आणि महिन्यातून एकदा उघडून पुसणं. लाकडी पेटीत पोलाद ठेवू नये, पेटीच ओलावा पिते.

29 जून

आजोबांचा रंधा फुगला. पाचर बाहेर येत नाही, पातं आत अडकलं. ठोकायचं नाही ठरवलं. ठोकळा चिरला तर सगळंच गेलं. पावसाळ्यात याच्यावर भिस्त ठेवता येत नाही, हा त्याचा मोठा दोष. लोखंडी रंधा निदान चालतो तरी, असं लिहायची वेळ आली.

फळी मोजली: 22 इंच आणि दोन सूत. लांबट भोकांतले स्क्रू सरकल्याच्या चकचकीत खुणा दिसतात. जोड कुठेही उघडला नाही.

24 ऑगस्ट

उघडीप मिळाली त्या दिवसांत फळीचा चिकटपणा टर्पेंटाइनने पुसून तेलाचा अगदी पातळ हात दिला, तो सुकला. बुधवारी गणपती, मुंबईची मंडळी यायच्या आत टांगायचा म्हणून आज टांगला. ऐनाचं बहाल (छताची आडवी तुळई), जुन्या पितळी कड्या. पाच माणसं बसवून पाहिली. कडी-हुकाच्या जागी कुरकुर होती, मेण लावून थांबली.

हिशेब: हत्यारांवर साडेएकोणीस हजारांच्या आसपास. त्यातले साडेसहा हजार पाण्यात गेले: रंधा, पटाश्या, डॉवेल जिग, शिकंजे, 48 व्होल्टवालं ड्रिल, डायमंड प्लेट, खोटा गुण्या. लाकडाला गिरणीची मजुरी सोडून काही नाही. तेल, गोंद, स्क्रू, पेपर मिळून 3,200.

12 ऑक्टोबर

फळी एक सूत उतरली. चौकट हलत नाही. एका कुसवाच्या खांद्यापाशी केसाएवढी फट आहे, ती हिवाळ्यात वाढते का पाहायचं.

ड्रिल भाच्याने नेलं, त्याला पडद्याचे रॉड लावायचेत. मार्बल कटर लादीवाल्याला देऊन टाकला. लोखंडी रंध्याचं पातं लोहाराला दाखवलं. तो म्हणाला हे पोलादच नाही, पाणी कशाला देऊ. कमानपाट्याचं पातं करून देईन म्हणतो, पण लोखंडी रंध्याचं तोंड बारीक, त्यात जाड पातं मावणार नाही. तोंड कानशीने रुंद करता येईल. ते करायचं की रंधा भंगारात द्यायचा, अजून ठरलेलं नाही.

आजोबांच्या रंध्याची पाचर अडकलेलीच आहे. डिसेंबरच्या कोरड्या हवेत सुटली तर ठीक, नाहीतर नानांकडे नेईन.